द्राक्षाची काडी : पालवी आधी, मूळ मागाहून

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो. याच परिसरात १९३९ मध्ये काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन भरले आणि याच घाटावर १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले. तिलवाऱ्याचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते मुख्यतः या दोन घटनांमुळे. द्राक्षांसाठी या जागेची ख्याती नाही. तथापि अंगणात चार हात मोकळी जागा आणि मांडवापुरते ऊन असले, की तेथे द्राक्षाचा वेल चढावा, ही इच्छा नर्मदाकाठीही असतेच. आणि ज्या मराठी घरांची सोयरीक नाशिक, सांगली किंवा सोलापूरकडे आहे तेथे तर ती हमखास आढळते. पाहुणा येताना ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या आणतो. त्या कुंडीत खोचल्या जातात. तीनएक आठवड्यांत त्यांना पोपटी पाने फुटतात, घरात आनंद होतो, आणि उन्हाचा पहिला तडाखा बसताच पाने मलूल होऊन काडी वाळून जाते. दोष कधी पाण्याला दिला जातो, कधी मातीला, कधी लावणाऱ्याच्या हातगुणाला. खरे कारण बहुधा काडीच्या स्वभावात असते, आणि प्रस्तुत भाषणाचा विषय मुख्यतः तो स्वभाव हाच आहे.

प्रथम, काडीच का लावावयाची, बी का नाही, हे पाहणे आवश्यक आहे. द्राक्षाचे बी रुजते. परंतु त्यातून उगवणारा वेल हा आईबापांच्या गुणांची नवी सरमिसळ असतो. गोड द्राक्षाच्या बीपासून आंबट, बारीक किंवा अजिबात न फळणारा वेल निपजू शकतो. संशोधकाला ही सरमिसळच हवी असते : पुण्यात डॉ. चीमा यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘चीमा साहेबी’ ही जात ‘पांढरी साहेबी’च्या बीजरोपांतून निवडलेली आहे. पण अशा एका निवडीमागे टाकून दिलेली किती रोपे असतात, याचा विचार केला तर घरच्या अंगणाला हा मार्ग परवडणारा नाही हे उघड होते. काडीची गोष्ट निराळी. काडी म्हणजे नवा वेल नव्हेच. तो जुन्याच वेलाचा दुसऱ्या जागी चालू राहिलेला देह होय.

महाराष्ट्रातील दोन प्रसिद्ध जातींचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ‘टॉम्सन सीडलेस’ ही बिनबियांची जात पश्चिम आशियातील फार जुनी. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम टॉम्सन याने न्यूयॉर्ककडील रोपवाटिकेतून मागविलेल्या मोजक्या काड्यांमुळे तिला हे इंग्रजी नाव चिकटले. बी जवळजवळ नसल्यामुळे तिचा प्रवास काड्यांवाचून होणे शक्यच नव्हते. ती महाराष्ट्रात रुजल्यावर सांगली जिल्ह्यात तासगावच्या भागात एका बागेतील वेलावर इतर फांद्यांहून वेगळी फळे देणारी फांदी आढळली. ती ‘तास-ए-गणेश’. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांच्या बागेत लांबट मण्यांची अशीच एक निवड झाली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन नावांची आद्याक्षरे जुळवून ती ‘सोनाका’ झाली. वेलाच्या एखाद्या डोळ्यात निसर्गतः बदल घडतो आणि त्या डोळ्यातून फुटलेली फांदी वेगळी निघते. तो बदल टिकवावयाचा तर त्याच फांदीची काडी घेतली पाहिजे. शेतकऱ्याची चौकस नजर आणि हातातील कात्री एवढ्याच सामग्रीवर या जाती जन्मास आल्या, ही गोष्ट द्राक्षांच्या पुस्तकांत सहसा जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

काडी अशा प्रकारे वेलाचे सर्व गुण बरोबर घेऊन येते. रोगही आणते, म्हणून ती निरोगी आणि फळताना पाहिलेल्या वेलाचीच घ्यावी. एक गोष्ट मात्र ती आणत नाही, ती म्हणजे मूळ. काडीवरील डोळ्यात पुढच्या फांदीचे इवलेसे रूप, पानांसकट, आदल्या हंगामातच तयार होऊन निजलेले असते. त्याला जाग येण्यास थोडी ऊब व ओलावा पुरतो. मुळांचे तसे नाही. ती कापलेल्या टोकाजवळच्या व पेरांच्या आतील पेशींतून नव्याने घडावी लागतात, आणि या कामास चार ते सहा आठवडे, थंडीत त्याहूनही अधिक काळ लागतो. दरम्यान वर आलेली पाने जगतात ती काडीत साठलेल्या पिठूळ द्रव्यावर आणि तिच्यातल्या ओलाव्यावर. म्हणजे ही पालवी ठेवीतून चाललेला खर्च असते. ठेव संपण्यापूर्वी मुळे फुटली तर वेल जगतो. न फुटली तर पानेच काडीला शोषून टाकतात. पाने दिसू लागली की आपण निर्धास्त होतो, पण धोक्याचा काळ खरा तेव्हाच सुरू होतो.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे बाकीच्या सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. काडी आदल्या हंगामाच्या वाढीची, पिकलेली, दालचिनीच्या रंगाची आणि पेन्सिलीच्या जाडीची असावी, कारण ठेव अशाच काडीत भरपूर असते. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून पाहावा. काप काळानिळा झाला तर पिष्ट भरपूर आहे असे समजावे. लांबी एक वीतभर किंवा थोडी अधिक, त्यात तीन-चार डोळे. खालचा काप पेराच्या लगत खाली आणि सरळ. वरचा काप डोळ्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर सोडून आणि तिरपा. तिरप्या कापावरून पाणी ओघळून जाते हा एक लाभ. पण त्याहून मोठा लाभ असा, की काडीचे डोके कोणते व पाय कोणता हे नंतर विसरत नाही. काडीला वर-खालीचे भान असते आणि उलटी लावलेली काडी नीट वाढत नाही.

आणि तरीही, लावण्यापूर्वी काही दिवस तिला मुद्दाम उलटे पुरून ठेवण्याची रीत रोपवाटिकांतून जुन्या काळापासून चालत आली आहे. काड्यांची जुडी बांधून, खालची टोके वर येतील अशा रीतीने ती ओलसर वाळूत गाडतात व वर चार बोटे वाळू पसरतात. दिवसाच्या उन्हाने वाळूचा वरचा थर कोमट होतो, खालचा गार राहतो. ज्या टोकाला मुळे फुटावयाची ते टोक उबेत आणि डोळे गारव्यात, अशी ही योजना आहे. दोन-तीन आठवड्यांत कापावर पांढुरकी, गाठाळ ऊती धरते. तेवढे झाले की जुडी काढून काड्या सुलट्या लावतात. मुळाला पालवीच्या पुढे काढण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. इंडोल ब्युटिरिक आम्ल या संजीवकाची भुकटी बाजारात मिळते आणि तिने मुळे लवकर फुटतात हे खरे. परंतु द्राक्षाच्या सामान्य जातींना तिची गरज भासतेच असे नाही.

तिलवाऱ्याला या रीतीचा विशेष उपयोग आहे, कारण येथील ऋतुमानच तिला पोषक आहे. महाराष्ट्रात हिवाळा सौम्य असल्याने वेल पुरता झोपी जात नाही. म्हणून तेथे वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादेस वर्षातून दोनदा द्राक्षे येतात अशी नोंद केली आहे, तिचे मूळही दख्खनच्या याच हवेत असावे. जबलपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली जातो, वेलाची पाने झडतात आणि तो काही आठवडे निद्रिस्त होतो. येथे छाटणी जानेवारीतच योग्य, आणि काड्याही त्याच वेळी घ्याव्यात. जानेवारीचे ऊन वाळू तापवते पण डोळे चाळवत नाही. फेब्रुवारीच्या आरंभी लावलेल्या काडीला मार्चअखेर मुळे धरलेली असतात. तीच काडी मार्चमध्ये लावली तर ती आणि वैशाखातील झळा यांची गाठ मुळांवाचूनच पडते.

माती ही येथील दुसरी अडचण होय. जबलपूरच्या आसपासची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोवळ्या मुळांना दोन्ही मारक. तेव्हा काळ्या मातीच्या बरोबरीने धुतलेली वाळू आणि चांगले कुजलेले खत घालून मिश्रण हलके करावे, पिशवीला किंवा कुंडीला भोके भरपूर ठेवावीत, दोन डोळे मातीत व एक-दोन वर राहतील अशी काडी लावून माती दाबावी. सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे टळावे. पाणी बेताचे. मुळे फुटली की नाही हे पाहण्यासाठी काडी उपसून पाहण्याचा मोह लहानांपेक्षा मोठ्यांनाच अधिक होतो, आणि त्यापायी दर वेळी नुकतीच आलेली मुळे तुटतात. खूण वरच दिसते. तीन-चार पानांनंतर वाढ थबकते. काही दिवसांनी ती पुन्हा सुरू होऊन नवी पाने व ताणे दिसू लागले, की खाली मूळ धरले असे मानण्यास हरकत नाही.

येथे एक शंका साहजिक आहे. नाशिककडे आज द्राक्षाचा वेल स्वतःच्या मुळांवर क्वचितच लावतात. मग घरी तसा का लावावा? याचे उत्तर देण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. १८६० नंतर फ्रान्समधील द्राक्षमळे एकाएकी वाळू लागले. १८६८ मध्ये माँपेलिये येथील प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनी मुळांवरील सूक्ष्म मावेसारखा कीटक शोधून काढला. तो अमेरिकेतून आला होता आणि अमेरिकी रानवेलींची मुळे त्याला दाद देत नव्हती. तेव्हा मूळ अमेरिकेचे व वरचा वेल फ्रान्सचा अशी जोडणी सुरू झाली. महाराष्ट्रात खुंटकलमे आली ती निराळ्या कारणाने : खारवट जमिनी आणि पाण्याचा दुष्काळ. टेक्ससच्या रानवेलींतून निवडलेला ‘डॉगरिज’ हा खुंट त्यास तोंड देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर हव्या त्या जातीचे पाचर कलम करतात. तिलवाऱ्यास पाणी नर्मदेचे, गोडे. तेथे दोन-चार वेलांसाठी खुंटाचा खटाटोप करण्याचे कारण दिसत नाही.

मात्र पाहुण्याने आणलेली काडी कलमाच्या जोडाच्या वरची आहे ना, हे विचारून घ्यावे. जोडाच्या खालून फुटलेला धुमारा दिसावयास जोमदार असतो, पण तो डॉगरिजचा असतो. त्याला मुळे कष्टाने फुटतात, आणि फुटलीच तर मांडवभर पाने येतात, खाण्याजोगी द्राक्षे नव्हेत.

पावसाळा हा तिसरा कसोटीचा काळ. जबलपुरास वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दमट हवेत केवडा आणि करपा हे रोग कोवळ्या पानांवर तुटून पडतात. म्हणून पहिल्या वर्षी रोप पिशवीतच, वळचणीच्या आडोशाला ठेवावे. लागल्यास मोरचूद व चुना प्रत्येकी ५० ग्रॅम दहा लिटर पाण्यात, असे सौम्य बोर्डो मिश्रण फवारावे, आणि त्यासाठी लोखंडी भांडे वापरू नये. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेल्या वाफ्यात रोप लावावे. पुढच्या जानेवारीत ते दोन डोळ्यांवर कापावयाचे असते. वर्षभर जपलेला वेल असा बोडका करताना हात अडखळतो. परंतु त्यामुळे जो एक जोमदार कोंब निघतो, त्याचेच पुढे खोड होते.

फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ते नाशिकच्या तोडीचे होईल अशी आशा धरू नये, कारण येथे घड पिकतात ते ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, आणि त्यांच्या मागोमाग पाऊस उभा असतो. ‘पर्लेट’सारखी लवकर येणारी जात त्यासाठी बरी. तिचे घड वेळेवर उतरविले नाहीत तर जूनच्या पहिल्या सरींनी मणी तडकतात. आणि त्याआधी बुलबुलांनी आपला वाटा उचललेला असतोच.