तीन ताऱ्यांचा संसार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



विवाहसमयी वधूवरांना अरुंधती दाखविण्याचा प्रघात आपण या परप्रांतातही जपला आहे. परंतु दुर्बीण आणि वर्णपट यांनी उघड केलेले सत्य असे की, वसिष्ठ हा एक तारा नसून चार ताऱ्यांचा समूह आहे. आणि अरुंधतीलाही एक अंधुक सोबती असल्याचे २००९ साली आढळून आले. अशा बहुतारका परिवारांपैकी जे अत्यंत दाटीने राहतात, त्यांचा विचार आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

मोठ्या दुर्बिणीतूनही जे एकाच बिंदूसारखे दिसतात, ते तारे दोन की तीन हे ओळखावे कसे? याची वाट इंग्लंडमधील यॉर्कच्या जॉन गुडरिक या अवघ्या अठरा वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने दाखविली. ययाति तारकासमूहातील अलगोल ठराविक काळाने मंदावतो, त्याअर्थी एखादी काळोखी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी, असे अनुमान त्याने १७८३ साली मांडले. ही पिधाने दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी होतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुढे कळले की, या जोडीभोवती एक तिसरा ताराही सुमारे ६८० दिवसांत प्रदक्षिणा घालतो.

तिघांचा संसार सहजी टिकत नाही. तिन्ही तारे सारख्याच अंतरावर असतील, तर परस्परांच्या ओढाताणीत एखादा बाहेर फेकला जातो. दोघे अगदी निकट आणि तिसरा पुरेसा दूर, अशी रचना असली तरच स्थैर्य लाभते. मग तिसऱ्याने किती जवळ यावे? वृषभ राशीतील 'लॅम्डा' ताऱ्यात आतली जोडी सुमारे ४ दिवसांत फिरते, तर तिसरा ३३ दिवसांत. १९५६ साली उमगलेला हा विक्रम जवळजवळ सात दशके अबाधित राहिला.

२०२४ साली तो मोडला. 'टेस' या अवकाश-दुर्बिणीने टिपलेल्या हंस तारकासमूहातील एका त्रिकूटात आतली जोडी १.८ दिवसांत आणि तिसरा तारा अवघ्या २४.५ दिवसांत फेरी पुरी करतो. हा सारा परिवार बुधाच्या कक्षेत सामावेल! येथे तिन्ही तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात. तिसऱ्याच्या ओढीमुळे आतल्या जोडीची पिधाने कधी वेळेआधी, कधी उशिरा घडतात. या चुकलेल्या वेळांचे गणित मांडले, की ताऱ्यांची वस्तुमाने आणि कक्षांचा कल हाती येतो. या तिघांपैकी प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सहा ते आठ पट भरते. काही कोटी वर्षांत हे तारे फुगून एकमेकांत विलीन होतील आणि अखेरीस अतिदीप्त स्फोट होईल, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. संसार स्थिर आहे, पण चिरंतन नव्हे.

या शोधात यंत्रांच्या जोडीला हौशी निरीक्षकांचा एक गटही होता. प्रकाशाचे असंख्य आलेख त्यांनी नजरेखालून घातले आणि यंत्राने निवडलेल्यांतून नेमके विलक्षण ते हेरले. गुडरिकपाशी केवळ डोळे आणि चिकाटी होती. त्या भांडवलाचे मोल आजही उणे झालेले नाही.

म्हणून आमची एकच विनंती आहे. येत्या हिवाळ्यात आपल्या मुलांना गच्चीवर न्यावे, अलगोल दाखवावा आणि त्याच्या तेजाची नोंद रोज रात्री वहीत करू द्यावी. एखाद्या रात्री तो मंदावलेला दिसेल. त्या क्षणी त्या मुलाला जे कळेल, ते आमच्या शंभर व्याख्यानांतून कळणार नाही.