पाया ओला असताना माडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण रेडिओचा आवाज कमी करतील, अशी मला भीती आहे. विषय आहे व्हिडिओ गेमचा. त्यातही, गेमचा पुढचा भाग पैसे मोजून घ्यावा आणि तो अर्धवट निघावा, या निराशेचा. ‘खेळच तर आहे, त्यात निराशा कसली?’ असं मीसुद्धा म्हणत होतो. माझ्या भाच्यानं माझं ते म्हणणं खोडून काढलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

भाचा अकरावीत आहे. सुट्टीत आमच्याकडे पुण्याला आला होता. त्याला आवडतात ते सर्व्हायव्हल गेम, म्हणजे तगून राहण्याचे खेळ. यात तुम्ही एका निर्जन ठिकाणी रिकाम्या हातानं जागे होता. भूक लागते, तहान लागते, रात्री थंडी वाजते. झाड तोडायचं, दगड फोडायचा, आधी झोपडी, मग घर, मग कुंपण. जनावर माणसाळवायचं तर त्याच्यासमोर तासन् तास बसायचं. भाच्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी पाच आठवडे रोज संध्याकाळी खपून एका कड्यावर घर बांधलं होतं. मग त्या खेळाचं एक्स्पान्शन आलं. एक्स्पान्शन म्हणजे मूळ खेळाला जोडलेला नवा भाग : नवा प्रदेश, नवी जनावरं, नवी संकटं. आजी-आजोबांनी वेळोवेळी हातावर ठेवलेले पैसे साठवून त्यानं तो घेतला.

पहिली संध्याकाळ आनंदात गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचं माणसाळवलेलं जनावर उभ्या जागी जमिनीतून आरपार खाली गेलं आणि नाहीसं झालं. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती म्हणून काहीतरी आलं आणि कड्यावरच्या घराच्या भिंतीच गायब झाल्या. नव्या प्रदेशाचा अर्धा भाग तर मोकळाच होता. तिथे फक्त डोंगर होते, करण्यासारखं काही नव्हतं. खेळाचं नाव मी सांगत नाही. माझ्या घरातली तक्रार या व्यासपीठावर मांडायची नाही.

त्या रात्री तो जेवताना गप्प होता. माझी आई म्हणाली, “अरे, खोटं घर गेलं. खरं आहे ना डोक्यावर?” आम्ही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, “आजी, तू वर्षाचं लोणचं घातलंस आणि कुणी बरणी फोडली तर?” आई म्हणाली, “बरणी खरी असते रे.” त्यावर तो म्हणाला, “कष्टही खरेच होते.”

आई पुढे काही बोलली नाही. मग त्यानं माझ्याकडे मोर्चा वळवला. “मामा, तुझं कामच हे ना? हे असं बाहेर पडायच्या आधी तपासतं कोण?”

श्रोतेहो, मी सॉफ्टवेअर तपासनीस आहे. गेमचं काम मी कधी केलं नाही, पण दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधणं हाच माझा अठरा वर्षांचा व्यवसाय आहे. त्यामुळे प्रश्न टाळता येईना. मी या प्रकाराची माहिती घेत गेलो, आणि लक्षात आलं, की ही एकट्या भाच्याची गोष्ट नाही.

यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘स्टुडिओ वाइल्डकार्ड’ या कंपनीचा ‘आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड’ हा खेळ २ जून २०१५ रोजी ‘स्टीम’ या इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानात आला. बेटावर तुम्ही जागे होता आणि भोवती डायनोसॉर. त्यांना गुंगीचे बाण मारून बेशुद्ध करायचं, खाऊ घालून माणसाळवायचं आणि पाठीवर बसून फिरायचं. कल्पनाच अशी, की पहिल्या महिन्याभरात १० लाखांवर प्रती खपल्या. पण तो ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ या गटात विकला जात होता. म्हणजे खेळ पूर्ण झालेला नाही, तरी तुम्ही तो आजच घ्या, खेळा, दोष कळवा, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत पूर्ण होईल. स्टीमनं ही पद्धत २०१३ मध्ये सुरू केली. यात लपवाछपवी नाही. खेळ अपुरा आहे, अशी सूचना विक्रीच्या पानावरच असते.

‘आर्क’मध्ये दोष भरपूर होते. चांगल्या संगणकावरही तो अडखळे. पण लोक सांभाळून घेत होते, कारण करारच तसा होता. मग १ सप्टेंबर २०१६ रोजी, मूळ खेळ अजून अपुराच असताना, कंपनीनं ‘स्कॉर्च्ड अर्थ’ नावाचा नवा भाग बाजारात आणला. मूळ खेळ साधारण ३० डॉलरचा, हा भाग २० डॉलरचा. खेळणाऱ्यांचा संताप उसळला. स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांची रांग लागली.

यात लक्षात घेण्यासारखं असं, की नवा भाग टाकाऊ नव्हता. वाळवंट होतं, उष्णतेच्या लाटा होत्या, वाळूची वादळं होती, पाण्यासाठी विहीर शोधावी लागे, आणि अंडं पळवून आणून वाढवायचा पंखवाला वायव्हर्न होता. पुष्कळांना तो प्रदेश आवडलाही. राग होता तो क्रमाबद्दल. पहिल्या पंगतीला अजून भात आला नाही, आणि यजमान दुसऱ्या पंगतीची पानं मांडायला लागले, वर त्या पंगतीचे पैसे वेगळे! शिवाय, नव्या प्रदेशातली जनावरं जुन्या बेटावर आणता येत. म्हणजे ज्यानं २० डॉलर मोजले, त्याच्याशी न मोजणाऱ्याची गाठ पडली, तर पारडं आधीच झुकलेलं.

कंपनीनं खुलासा केला. त्याचा आशय असा, की असे जोडभाग देण्याचा बेत पहिल्यापासून होता, आणि दोन प्रदेशांत ये-जा करण्याची यंत्रणा शेवटी बसवण्यापेक्षा आत्ताच बसवलेली बरी. तपासनीस म्हणून सांगतो, हा खुलासा निम्मा पटण्यासारखा आहे. भिंत पूर्ण झाल्यावर दार फोडण्यापेक्षा आधीच चौकट बसवावी, हे कोणताही गवंडी सांगेल. पण चौकट बसवण्याचं कारण वेगळं आणि त्या दाराचे पैसे आत्ताच घेण्याचं कारण वेगळं. लोक दुसरं कारण विचारत होते, त्यांना उत्तर पहिलं मिळालं.

‘आर्क’ पूर्ण झाल्याचं २९ ऑगस्ट २०१७ रोजी जाहीर झालं. त्याआधी जुलैमध्ये किंमत ६० डॉलर झाली होती. नंतर त्याचे आणखी भाग आले, काही फार नावाजले गेले. म्हणजे एका निराशेनं खेळ बुडाला नाही. पण शहाणपणही आलं नाही. त्याच जुन्या खेळाचा ‘अ‍ॅक्वाटिका’ हा समुद्राखालचा भाग ‘स्नेल गेम्स’ या प्रकाशक कंपनीनं २०२५ मध्ये आणला. मार्चमध्ये त्याची झलक दाखवली, तेव्हा ती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतल्याचं दिसत होतं आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. मूळ खेळ घडवणाऱ्या स्टुडिओ वाइल्डकार्डनं या भागात आपला सहभाग नसल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये तो भाग आला, आणि अभिप्राय बहुतांशी नकारात्मकच पडले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘फनकॉम’ या नॉर्वेतल्या कंपनीनं ‘कोनन एक्झाइल्स’ या खेळाचा ‘आयल ऑफ सिप्टाह’ हा भाग सप्टेंबर २०२० मध्ये आणला. तोही अपुराच, पण ‘हा अपुरा आहे’ अशी पाटी लावून. बेटावर माणसांच्या वस्त्या नाहीत, फिरायला गेलं तर ओकंबोकं वाटतं, अशी तक्रार झाली. मे २०२१ मध्ये भाग पूर्ण झाला, तोवर वस्त्या आलेल्या होत्या. इंग्लंडमधल्या ‘हॅलो गेम्स’च्या ‘नो मॅन्स स्काय’ची कथा तर अधिक बोलकी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला, तेव्हा दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत! जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे तक्रारी गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्या संस्थेनं जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्णय दिला. नियमात कंपनी सुटली. खेळणाऱ्यांच्या मनातून मात्र नाही. पुढे काही न बोलता कंपनी काम करत राहिली, आणि जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना भेटू लागले. ही सगळी भर तिनं फुकट दिली. विश्वास परत मिळतो, पण त्याला दोन वर्षं लागतात आणि बिल आपल्या खिशातून भरावं लागतं.

कुणी म्हणेल, माल खराब निघाला तर परत करावा. स्टीमवर परतीची सोय आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. पण तगून राहण्याच्या खेळात दोन तासांत होतं काय? जेमतेम झोपडी उभी राहते. भिंत गायब होते ती चाळिसाव्या तासाला. नवा प्रदेश रिकामा आहे हे कळतं, ते तो पायी तुडवल्यावर. घर घेताना दिवाणखान्यात दोन मिनिटं उभं राहून पावसाळ्यात छत गळेल का, हे कसं कळणार?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. तपासतं कोण? एक साधा हिशेब मी त्याला कागदावर करून दाखवला. २० तपासनीस, रोज ८ तास, महिन्याचे २४ दिवस. झाले ३,८४० तास. आणि खेळ बाहेर पडल्यावर ५,००० जणांनी पहिल्या संध्याकाळी फक्त एकेक तास खेळला, तर झाले ५,००० तास. म्हणजे आमचा महिना लोक एका संध्याकाळीच मागे टाकतात. त्यात प्रत्येक जण वेगळ्या जागी घर बांधणार, वेगळं जनावर वेगळ्या दगडावर उभं करणार. काही दोष लोकांनाच सापडणार, याला इलाज नाही.

त्यानं कागद पाहिला आणि विचारलं, “पण मामा, जे दोष तुम्हाला आधीच सापडलेले असतात, त्यांचं काय करता?”

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याकडे हिशेब नव्हता.

काही वर्षांपूर्वी मी जिथे होतो, तिथे दुकानांच्या बिलांचा एक प्रोग्रॅम तयार होत होता. तारीख जाहीर झाली होती. माझ्या यादीत ४१ दोष शिल्लक होते. वरून विचारणा झाली, यातले खरोखर अडणारे किती? मी सहा दोष उचलून ‘किरकोळ’ या सदरात टाकले आणि सही केली. काम वेळेत गेलं म्हणून पेढे वाटले गेले. त्या सहांपैकी एका दोषामुळे महिनाअखेरीला एका दुकानातल्या कारकुनानं तीन रात्री बसून सगळी बिलं हातानं पुन्हा टाकली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याला माझं नाव ठाऊक नाही. मलाही त्याचं नाव ठाऊक नाही.

म्हणून मी आता दोष दोन प्रकारचे मानतो. एक न सापडलेला आणि दुसरा सापडूनही न सांगितलेला. पहिल्याला गिऱ्हाईक क्षमा करतं. ‘आर्क’च्या खेळणाऱ्यांनी वर्षभर केलीच होती. निराशा येते ती दुसऱ्यामुळे. कारण तिथे पैशांबरोबर भरवसाही गेलेला असतो. कंपन्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. खेळ एकदाच विकला जातो, पण सर्व्हरचा खर्च आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात. नवा भाग काढला की पुन्हा गल्ला भरतो. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं नसेल, तर तसं सांगून चावी द्यावी. आपलं माणूस त्यात राहायला जाईलही, पण माळ्यावर सामान चढवणार नाही.

पालकांना आणि मुलांना माझं सांगणं एवढंच. नवा भाग आला की निदान दोन आठवडे थांबा. ‘पूर्ण’ की ‘अपुरा’ ही पाटी वाचा. पुढे काय येणार आहे यासाठी पैसे देऊ नका. आज जे आहे त्याला ती किंमत योग्य वाटते का, तेवढंच पाहा. आणि मूल हिरमुसलं असेल, तर ‘खेळच तर आहे’ हे वाक्य गिळून टाका.

भाच्यानं त्या कंपनीला आधी एक ओळ लिहिली होती. ती रेडिओवर वाचण्यासारखी नाही. मग आम्ही दोघांनी बसून नीट लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा होतं का. चौदा ओळी झाल्या. उत्तर यंत्राचं आलं, एक क्रमांक देणारं. तीन आठवड्यांनी दुरुस्त्यांची यादी आली, तिच्यात जनावर जमिनीतून खाली जाण्याचा दोष होता. कड्यावरचं घर मात्र परत आलं नाही.

मीही एक नियम लावून घेतला आहे. यादीत ‘किरकोळ’ लिहायचं, तर शेजारी ‘कोणासाठी’ हेही लिहायचं. यामुळे गेल्या दोन वेळी आमची तारीख पुढे गेली आहे. पेढे नव्हते.

भाचा आणि त्याचे मित्र पुन्हा बांधायला लागले आहेत, जुन्याच प्रदेशात. परवा फोनवर आईनं त्याची अभ्यासाची, तब्येतीची चौकशी केली, आणि ठेवता ठेवता विचारलं, “आणि घर कुठवर आलं रे तुझं?”

“जोत्यापर्यंत,” तो म्हणाला.