इंजिनियरचा हिशेब



इंजिनियरिंगच्या पदवी अभ्यासक्रमात 'अभियांत्रिकी अर्थशास्त्र' नावाचा विषय शिकवतात. यंत्र कसे चालेल हे इतर विषय सांगतात. ते परवडेल का, हे हा विषय सांगतो. अमेरिकन अभियंता आर्थर वेलिंग्टन यांनी लोहमार्ग कोठून न्यावा याचा खर्चाच्या अंगाने विचार करणारा ग्रंथ १८७७ साली लिहिला. तेथून या विषयाची सुरुवात मानतात.

एक उदाहरण घेऊ. एका पंपाची किंमत ३०,००० रुपये व विजेचा वार्षिक खर्च १८,००० रुपये. दुसऱ्याची किंमत ४५,०००, पण वीजखर्च १३,०००. दोन्ही पाच वर्षे टिकणारे. दुसरा घेतल्यास आज १५,००० जास्त जातात व दरसाल ५,००० वाचतात. पाच वर्षांत २५,००० वाचले, तेव्हा दुसराच घ्यावा, असे आपण चटकन म्हणू. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. धंद्यात घातलेला रुपया वर्षाला १० टक्के मिळवतो असे धरले, तर त्या बचतीची आजची किंमत सुमारे १८,९५० भरते. दुसरा पंप फायद्याचा. तोच रुपया २५ टक्के मिळवीत असेल, तर किंमत सुमारे १३,४५० उरते. मग पहिलाच बरा.

येथे चक्रवाढीचे गणित येते, आणि काही घरांत प्रश्न निघतो: व्याज हराम, मग मुलाने हे का शिकावे? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु व्याज घेणे वेगळे आणि हिशेब समजणे वेगळे. वरील उदाहरणात कोणी कोणाला कर्ज दिलेले नाही. तोच पैसा हलाल व्यापारात किती नफा मिळवता, एवढेच आपण पाहिले. व्यवहार जायज की नाजायज हे उलेमांना जरूर विचारावे. पण विचारण्यापूर्वी तो व्यवहार आपल्याला समजला पाहिजे. हप्त्याने वस्तू घेताना हिशेब न येणाराच फसतो.

नवव्या शतकात बगदाद येथे अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग वसीयत व वारसांच्या वाटणीच्या हिशेबांचा आहे. दीन आणि गणित यांचे वैर नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आठवीतले चक्रवाढ व्याजाचे सूत्र नुसते पाठ करू नका, समजून घ्या. कॉलेजात हा विषय त्याच पायावर उभा राहतो. पालकांनो, घरचे वीजबिल मुला-मुलींच्या हाती द्या आणि हिशेब विचारा.

अल्लाह आपणा सर्वांना इल्मची तौफीक देवो.