आपला आवाज, आपली मजुरी

किल्लारीहून आम्ही बोलतो आहोत.

‘मोठ्या कंपनीत डेटाचं काम, घरबसल्या पैसे’ असा मेसेज आला की गटात दोन मतं पडतात. काहीजणी म्हणतात, सगळी फसवणूक. काहीजणी लगेच आधार कार्डाचा फोटो पाठवायला निघतात. दोन्हीची घाई नको.

असं काम खरंच असतं. मशीनला मराठी समजायची तर माणसांनी वाचलेली हजारो वाक्यं लागतात. मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागाच्या ‘कार्य’ प्रकल्पात कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी मिळून ३६ जणांनी मोबाईलवर वाचून १०९ तासांचं मराठी रेकॉर्डिंग करून दिलं. त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा कामाला वाक्य नीट वाचता यावं लागतं, आवाज स्वच्छ यावा लागतो. तेवढं आपल्या बारावी झालेल्या सुनांना जमतंच. पण ते आपली मुलाखत घेतील तेव्हा आपणही त्यांची घ्यायची. मजुरी वाक्यावर की तासावर? चुकलेलं वाक्य पुन्हा वाचलं तर त्याचे पैसे कोण देणार? माझा आवाज कशासाठी वापरणार? पैसे माझ्याच खात्यात येणार ना, की मालकांच्या?

काम देण्याआधी पैसे मागितले किंवा ओटीपी विचारला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.

१९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागातल्या बायका घरांच्या बांधकामावर देखरेख करायला शिकल्या. विचारायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. येत्या बैठकीत हे प्रश्न वहीत लिहून घेऊ या.