चिमुकले गाव, खरे ऊन
मायकेल पॉल स्मिथ २०१८ साली निवर्तले. पेनसिल्व्हेनियातील आपले बालपणीचे सेविक्ली गाव त्यांनी ‘एल्जिन पार्क’ या नावाने पुन्हा वसविले, पण केवळ छायाचित्रांत. मोटारी आणि घरे मुळाच्या १/२४ आकाराची. ती मेजावर मांडून उघड्यावर नेत. मागची झाडे, आकाश मात्र खरे आणि प्रकाश उन्हाचा.

दिव्याने हे का साधत नाही? जवळच्या दिव्याचे किरण फाकत जातात. शेजारशेजारच्या सावल्या निरनिराळ्या दिशांना पडतात आणि बिंग फुटते. सूर्यकिरण जवळजवळ समांतर असतात. शिवाय सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड वस्तूच्या उंचीच्या प्रमाणातच पुसट होते. त्यामुळे चिमुकल्या मोटारीची सावली मागच्या झाडाच्या सावलीशी विसंगत दिसत नाही.

उंचीचेही तसेच. माणसाची पाच फुटांवरची नजर येथे अडीच इंचांवर येते. कॅमेरा फार वर गेला की गाव नाहीसे होऊन खेळणे उरते! स्मिथ यांचा कॅमेरा साधा, लहान होता. अशा कॅमेऱ्यात जवळचे आणि दूरचे एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट येते, हे त्यांच्या पथ्यावरच पडले.