शाळेतील जुना संगणक आणि मुक्त प्रणाली

(नारायणगड येथे केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



पटनोंदणी, वाचनाची गती, पोषण आहाराच्या नोंदी हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून विस्तार अधिकाऱ्याने संगणकाच्या प्रणालीवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी अनेकांस नवल वाटले असेल. परंतु ह्या विषयाचा संबंध आपल्या प्रत्येक शाळेतील एका कपाटाशी आहे. त्या कपाटात गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून अथवा जिल्हा परिषदेकडून आलेला एक संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद असते आणि शेऱ्याच्या रकान्यात "चालत नाही, निर्लेखन प्रस्तावित" असे लिहिलेले असते. असे शेरे अलीकडे वाढू लागले आहेत, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

ह्यांतील अनेक यंत्रे वस्तुतः बिघडलेली नाहीत. पडदा उजळतो, कळफलक चालतो. जुनी झाली आहे ती यंत्रातील कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र आणि ते वापरणारा ह्यांच्यामध्ये मध्यस्थी करणारी मूळ आज्ञावली. आपल्याकडील बहुतेक यंत्रांत विंडोज १० ही प्रणाली आहे. तिच्या निर्मात्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नियमित देखभाल थांबविली. काही काळाची मर्यादित वाढीव सोय सोडली, तर नव्या धोक्यांपासून तिचे संरक्षण आता होत नाही. पुढील विंडोज ११ घ्यावी, तर ती यंत्रात एका विशिष्ट सुरक्षा-भागाची व नव्या जातीच्या प्रक्रियकाची अट घालते. साधारणतः २०१७ पूर्वीची यंत्रे त्या अटीस उतरत नाहीत. म्हणजे बैल धडधाकट, पण जू नव्या मापाचे निघाले, म्हणून बैल विकावयाचा, अशी ही स्थिती आहे.

ह्यावर एक उपाय आहे, त्याचे नाव लिनक्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेने एक प्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी सर्वांस मोकळेपणी वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प सोडला होता आणि तिचे बरेच भाग तयारही केले होते. हे दोन प्रवाह एकत्र आले. आज जगातील असंख्य मोठे संगणक ह्याच प्रणालीवर चालतात. इतके दूर जाण्याचेही कारण नाही, कारण आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडचा भ्रमणध्वनी आहे आणि त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. त्या अर्थी आपण ही प्रणाली रोज वापरीतच आहोत.

ही प्रणाली मोफत आहे, हे तर खरेच. परंतु तिच्यासाठी योग्य शब्द "मुक्त" हा होय. इंग्रजीत ह्या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तेथे बराच गोंधळ होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. गडावरच्या पंगतीत वाढलेला प्रसाद मोफत असतो. त्याच आचाऱ्याने, "ही कृती घ्या, घरी करा, हवे तर तिखट कमी करा, शेजाऱ्यालाही शिकवा," असे म्हटले, म्हणजे ती कृती मुक्त झाली. लिनक्स ह्या दुसऱ्या प्रकारात मोडते. विद्यार्थ्यांस प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्या शाळेत चोरून घातलेली प्रणाली असावी, हे कोणासही रुचणार नाही. तरीही तसे घडते, आणि ते बहुधा दुसरा मार्ग ठाऊक नसल्यामुळे घडते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. प्रणाली बदलावयाची म्हटली, की आपले पहिले भय यंत्राविषयी असते. माझ्या मते खरी काळजी यंत्राची नसून आपण त्यात लिहून ठेवलेल्या मजकुराची करावयास हवी.

आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी त्या सत्पुरुषाने कापडावर लिहिलेले ते वेदान्तविवेचन आज वाचावयाचे, तर डोळे आणि अक्षरओळख ह्यांखेरीज कोणतेही साधन लागत नाही. उलट, एका शाळेत तपासणीच्या वेळी पंधरा वर्षांपूर्वीच्या निकालपत्रकाची फाइल उघडली असता पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कसलीशी चिन्हे ह्यांची नुसती रास दिसली. मुलांची नावे त्यात होती, पण ती वाचता येत नव्हती. ज्या खाजगी टंकलेखन संचाने ती लिहिली होती, तो संच नव्या यंत्रावर नव्हता, एवढेच त्याचे कारण.

हे असे का होते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या मराठी टंकांत "क" हे अक्षर "क" म्हणून साठविले जात नसे. कोणत्या तरी इंग्रजी अक्षराच्या अथवा चिन्हाच्या जागी "क" चे चित्र बसविलेले असे. तो टंक काढून घेतला, की खालचे मूळ चिन्ह उघडे पडते. प्रत्येक संचकर्त्याची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत नाही. युनिकोड ह्या जागतिक संकेताने मात्र प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला. "क" चा क्रमांक २३२५, आणि तो विंडोजवर, लिनक्सवर, भ्रमणध्वनीवर सर्वत्र तोच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले, ते श्रद्धेने आणि जाणूनबुजून. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे ह्यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत ते ग्रंथ पंथाबाहेरच्यांस अगम्यच राहिले. आपण मात्र कोणताही हेतू नसताना आपल्याच शाळेची पत्रके सांकेतिक लिपीत कोंडून बसलो आहोत.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की प्रणाली बदलण्यापूर्वी मजकूर सोडवून घ्यावा. जुना टंक ज्या यंत्रावर अद्याप आहे, त्या यंत्रावरच जुन्या फाइली उघडाव्यात, परिवर्तकाच्या साहाय्याने त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे. परिवर्तक जोडाक्षरांत व रफारात हमखास चुका करतात, आणि मुलाच्या आडनावात झालेली चूक पुढे त्याच्या दाखल्यात जाते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून प्रणाली बदलली, तर पुढे पश्चात्ताप होईल.

दुसरी सूचना अशी, की एका दिवसात उडी मारू नये. आहे त्याच विंडोजवर प्रथम फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस हे दोन मुक्त कार्यक्रम घालावेत आणि एक सत्र त्यांवरच काम करावे. पत्रे, हजेरी, नियोजन, प्रश्नपत्रिका त्यांतच कराव्यात. लिनक्सवर हेच दोन कार्यक्रम भेटतात, म्हणून पुढे घर बदलले तरी भांडीकुंडी ओळखीचीच राहतात. आपल्याकडील विजेचा लपंडाव लक्षात घेऊन लिबर ऑफिसमध्ये दर दोन मिनिटांनी मजकूर आपोआप जपण्याची सोय आरंभीच लावून घ्यावी.

त्यानंतर लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करून पाहावा. ह्यात आतील काहीही पुसले जात नाही. मात्र पडद्यावर "स्थापना करा" अशा अर्थाची जी खूण दिसते, तिला ह्या वेळी हात लावू नये. आवाज येतो का, इंटरनेट जोडले जाते का, मुद्रणयंत्र ओळखले जाते का, एवढे तासाभरात कळते. पटले नाही, तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा, म्हणजे यंत्र पूर्ववत. लिनक्सचे अनेक अवतार आहेत आणि त्यांतून निवड करताना नवशिका भांबावतो. विंडोजची सवय असलेल्यांस लिनक्स मिंट सोपे जाते. त्याचा एक्सएफसीई हा हलका प्रकार २ गिगाबाइट स्मृतीवर चालतो, ४ असल्यास सुखाने चालतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या शासकीय संस्थेनेही भारतीय भाषांचा विचार करून २००७ साली "बॉस" नावाची प्रणाली दिली आहे. केंद्रातील सर्व शाळांनी मात्र एकच अवतार घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण अडचण आल्यास शेजारच्या शाळेतील गुरुजींस अथवा बाईंस विचारता आले पाहिजे.

मराठी टंकलेखनाची सोय तीत मुळातच असते. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलेल्यांस काहीच नवे शिकावे लागत नाही. उच्चारानुसारी पद्धतीची सवय असलेल्यांसही मार्ग आहे. पडद्यावरील आज्ञा मराठीत आणण्याचे काम महाराष्ट्रातील काही प्राध्यापकांनी व हौशी अनुवादकांनी बहुतांशी विनामूल्य केले आहे. त्यांतील काही शब्द मला बोजड वाटतात. परंतु येथे तक्रार करून थांबावे लागत नाही, अधिक चांगला शब्द सुचवून पाठविता येतो. मराठीच्या शिक्षकांनी ह्याकडे अवश्य पाहावे.

आता अडचणी. त्या लपवून ठेवल्या, तर आपण महिन्याभरात मला बोल लावाल. आपल्या शिक्षकमित्रांनी तयार करून वाटलेली निकालाची आणि आयकराची एक्सेलमधील पत्रके आपण सर्वच वापरतो. त्यांत अंतर्गत आज्ञावली गुंफलेली असते, आणि ती लिबर ऑफिसमध्ये प्रत्येक वेळी नीट चालतेच असे नाही. ऐन निकालाच्या वेळी हे कळण्यापेक्षा आधीच पडताळून पाहावे. काही मुद्रणयंत्रे व डिजिटल स्वाक्षरीची काही साधने त्रास देतात. खाजगी कंपन्यांनी शाळांस दिलेले काही दृक्श्राव्य अभ्याससंच केवळ विंडोजसाठीच केलेले आहेत. ह्याकरिता केंद्रशाळेत एक यंत्र विंडोजचे ठेवणे शहाणपणाचे होईल. मात्र यू-डायसची माहिती भरणे, दीक्षा पाहणे, ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तक उतरवून घेणे ही रोजची कामे ब्राउझरमधून होतात. त्यांस कोणती प्रणाली आहे, ह्याने फरक पडत नाही.

जुन्या यंत्राने मुलांस काय मिळणार, असा प्रश्न उरतो. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची डोंगरावरील वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतील बावीस मुलांस २००७ साली "दर मुलामागे एक संगणक" ह्या जागतिक उपक्रमातून लहान संगणक मिळाले. ते लिनक्सवर चालत, आणि त्यांची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती. आपण निर्लेखनास काढलेल्या यंत्राची २ गिगाबाइट स्मृती त्याच्या आठपट भरते. अर्थात यंत्र हाती दिले, की शिक्षण झाले, असे मात्र नव्हे. पेरू देशात हीच यंत्रे मोठ्या संख्येने वाटल्यावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणिताच्या व भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. केरळने निराळा मार्ग धरला. २००१ साली आरंभिलेल्या शालेय संगणक उपक्रमात त्यांनी शिक्षकांनाच प्रशिक्षक केले, त्याच दशकात माध्यमिक शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले, आणि आज "काईट" ह्या नावाने तेथील शासकीय यंत्रणा शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली सिद्ध करते.

आपल्या भागातील मुलांपैकी कित्येकांचे आईवडील दसरा झाला, की ऊसतोडीस निघतात. मागे राहिलेल्या अथवा हंगाम संपवून परतलेल्या मुलांच्या हाती शाळेचा संगणक आला, तर टक्स पेंटवर चित्र काढणे, जीकॉम्प्रीवर अंकांचे खेळ खेळणे, स्टेलेरियमवर आज रात्री गडावरून कोणते तारे दिसतील ते दिवसाच पाहणे, एवढे त्या यंत्रावर होऊ शकते. हे तिन्ही कार्यक्रम मुक्त आहेत. त्यांचा पाठाशी मेळ घालणे हे आपले काम, ते कोणतीही प्रणाली करून देणार नाही.

शेवटी कामकाजाची बाब. संगणक ही शाळेची मालमत्ता असल्याने शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय व पंचायत समितीस कळविल्याशिवाय कोणीही त्यातील प्रणाली पुसू नये. ठरावात यंत्राचा जडसंग्रह क्रमांक लिहावा आणि मजकुराच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्याची नोंद करावी. पुढील केंद्र परिषदेस प्रत्येक शाळेने बंद पडून असलेले एक यंत्र, त्याच्या विजेच्या दोरीसह, आणावे. सोबत किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह असावा. त्यावरील सर्व मजकूर त्या दिवशी पुसला जाणार असल्याने तो घरूनच रिकामा करून आणावा.