हाडाची भिंत



आठवीत असताना तालमीत आपल्या एका दोस्ताची नडगी मोडली. जखम चिघळली, हाडाचा तुकडा काढावा लागला, पाय कायमचा आखूड राहिला. त्याच्यामुळंच मी हाडांच्या डॉक्टरकीकडं वळलो.

सरांनी कोंबडीचं हाड सौम्य आम्लात ठेवलं होतं, आठवतं? ते रबरासारखं वाकलं. खनिज विरघळलं, चिवट कोलॅजेन उरलं. मातीत काड घालून भिंत रचावी, तसंच हाड: खनिजाचा कडकपणा, कोलॅजेनचा चिवटपणा.

१९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी जुळणारी काच, बायोग्लास, बनवली. पण नुसती काच ठिसूळ. म्हणून आता अशी काच किंवा हाडातल्यासारखं खनिज कोलॅजेनमध्ये मिसळून सच्छिद्र भराव करतात. छिद्रांतून पेशी, रक्तवाहिन्या शिरतात. नवं हाड धरतं, भराव हळूहळू विरतो.

मात्र ही जादू नव्हे. रक्तपुरवठा हवा, जंतुसंसर्ग नको, विडी-सिगारेट बंदच.

दोस्ता, तू समोरच बसलायस. तुझ्यासाठी हे उशिरा आलं. तालमीतल्या आजच्या पोरांसाठी मात्र वेळेवर पोचावं, एवढीच माझी धडपड.